आत्यांचं नाव चिठ्ठीवर लिहिणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या टिळकवाडीतल्या तुमच्या दारात मी आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही "असू दे की अक्का, त्यात काय एवढं" म्हणून विषय मिटवलात. म्हणून हे पत्र. नाव घालू नका म्हणालात, ते पाळते. पण बाकीचं सगळं चारचौघांत सांगणार आहे.

आमचं खानापुरात लाडवांचं घरगुती काम. डिंकाचे, अळिवाचे, खजूर-अंजिराचे. थंडीत बाळंतिणींच्या घरून मागणी असते. अंजिरं निवडायचं काम आत्यांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. वय 74. बेळगावच्या बाजारातून आणलेली, सुतळीत ओवलेली अफगाणी अंजिरं त्या एकेक सोडवतात, विळीवर दोन फाकी करतात आणि प्रत्येक फाक खिडकीच्या उजेडाला धरतात. त्या दिवशी एका फाकीतून एक किडा बाहेर आला. तांदळाच्या दाण्याएवढा, मोरपिशी निळा-हिरवा चकचकीत आणि पाय तांबडे. सोंडे, पोरकिडे, जाळी धरलेलं पीठ हे सगळं जन्मभर बघितलेल्या बाईनं असलं काही कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो चिरडला नाही की दडवला नाही. वाटीखाली ठेवला आणि मला हाक मारली.

आमची चूक एवढीच, की मुलीनं फोटो काढून "हे काय असेल?" म्हणून ग्रुपवर विचारलं. संध्याकाळपर्यंत तोच फोटो गावभर फिरत होता, खाली ओळ होती, 'लाडवात विषारी किडा'. कुणी म्हणालं परदेशातून आलाय, कुणी हे हिंगेच आहेत, अंगावर फोड उठतात, म्हणून ठोकून दिलं. दोन दिवसांत ऑर्डरी गेल्या. एका घरून तर आठवडाभर आधी नेलेले लाडू परत आले, डबा न उघडता.

ज्यांच्याकडून माल घेतला त्यांनी "झटकून टाकायचा, दाखवत कशाला बसलात" एवढंच सांगितलं. एका कचेरीत तासभर बसवून हे आमच्याकडे येत नाही म्हणाले. एका शिकल्यासवरल्या माणसानं तर किडा ठेवलेल्या बाटलीकडे न बघताच "फेका ते" म्हटलं. सगळ्यांत वाईट म्हणजे आत्या गप्प झाल्या. "मी बोललेच नसते तर झालं नसतं हे," असं एकदा म्हणाल्या आणि विळीवर बसायच्या बंद झाल्या. खरं बोलल्याची शिक्षा 74 व्या वर्षी, आणि ती देणारे आम्ही सगळे ओळखीचेच.

मग एका मुलीनं तुमचा, म्हणजे किडे ओळखणाऱ्या सरांचा, पत्ता दिला. पुढचं सगळं सांगत नाही, पण तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात ते सांगते. भिंगातून बघता बघता, मान वर न करता, "विषारी नाही, आधी शांत बसा" म्हणालात. नाव नंतर सांगितलंत. नेक्रोबिया रुफिपेस. रुफिपेस म्हणजे तांबड्या पायांचा. खोबरं, सुकी मासळी, खारवलेलं मांस, अंजीर, तेलकट आणि सुकं जे जे असेल तिथं हा जातो, वर दुसऱ्या किड्यांच्या अळ्याही खातो. अंजीर अफगाणी असलं तरी किडा जगभरचा आहे, आपल्याकडच्या खोबऱ्यातही निघतो, हे तुमच्याकडूनच कळलं. मी विचारलं, मग हा तिकडूनच आला की इकडच्या गोदामात शिरला? तुम्ही म्हणालात, "एका किड्यावरून ते सांगता येत नाही. सांगितलं तर ते खोटं होईल." व्यापाऱ्यावर ढकलून द्यायची माझी किती इच्छा होती! तुम्ही ढकलू दिलं नाही. ती सुतळी अख्खी टाकून द्या, हेही तुम्ही गोड न करता सांगितलंत. आम्ही टाकली. आता नवा माल आधी पाच दिवस डीप फ्रीझरमध्ये वजा 18 अंशांवर राहतो, मग विळीवर येतो.

आणि ती गोष्ट! फ्रान्समधल्या राज्यक्रांतीत बोर्दोच्या तुरुंगात पडलेला, किड्यांचा अभ्यास करणारा लात्रेय नावाचा पाद्री, त्याला कोठडीत सापडलेला ह्याच कुळातला तांबड्या मानेचा किडा. तपासायला आलेल्या डॉक्टरानं तो किडा नेऊन एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दिला, त्या पोरानं तुरुंगातला माणूस कोण हे ओळखलं आणि त्याची सुटका झाली. बरोबरचे कैदी मेले. लात्रेयच्या पॅरिसमधल्या थडग्यावर त्या किड्याचं नाव कोरलंय, त्याला वाचवणारा म्हणून. आत्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, म्हणून ही गोष्ट तुम्ही त्यांना कन्नडमधून सांगितलीत. त्या तीन आठवड्यांनी पहिल्यांदा हसल्या.

पण सर, मला रडू आलं ते त्यानंतर. तुम्ही किडा टाचणीला लावलात, काडेपेटीएवढ्या डबीत ठेवलात आणि नखाएवढ्या कागदावर बारीक अक्षरात लिहायला लागलात. जागा, खानापूर. कशात मिळाला, सुकं अंजीर. तारीख. मग थांबून आत्यांकडे बघितलंत. "आज्जी, तुमचं पूर्ण नाव सांगा. चिठ्ठीशिवाय किड्याला किंमत नाही, आणि ज्यानं शोधला त्याचं नाव चिठ्ठीवर असतंच." आत्यांनी पदर सावरला आणि माहेरचं नाव, सासरचं नाव, सगळं सांगितलं. तुम्ही ते सगळं त्या एवढ्याशा कागदावर बसवलंत आणि मोठ्यानं वाचून दाखवलंत. ज्यासाठी गावानं तोंड फिरवलं, त्याच गोष्टीसाठी कुणीतरी त्यांचं नाव जपून ठेवत होतं.

चांगुलपणा अजून आहे हो. आमच्या भागात पाट्यांच्या भाषेवरून माणसं भांडतात, आणि तुमच्यासारखा माणूस एका अनोळखी म्हातारीशी तिच्या माहेरच्या बोलीत अर्धा तास बोलतो. ज्यांनी तो फोटो पुढे पाठवला, त्यांच्यातल्या एकानंही नंतर "आमचं चुकलं" असं लिहिलेलं नाही. मी वाट बघत नाही आता. ऑर्डरी हळूहळू येतायत. आणि सोमवारपासून आत्या पुन्हा खिडकीशी बसतात, फाकी उजेडाला धरून.

सोबत डिंकाचे लाडू पाठवतेय, आत्यांनी स्वतः वळलेले. त्यांचा एक निरोपही आहे, तो लिहिल्याशिवाय पाकीट बंद करू देत नाहीत. त्या दिवशी त्यांना तारीख नीट आठवली नव्हती. किडा सापडला त्या दिवशी संकष्टी होती, त्यांचा उपास होता, म्हणजे चिठ्ठीवरची तारीख एक दिवस पुढची आहे. तेवढी दुरुस्त करा म्हणतात. पुढे कुणी बघायला आलं तर चुकीचं वाचायला नको.

आपली,
खानापूरची अक्का