सेन्सरच्या आधी रीडआउट तपासा

मा. संपादक,
स. न.

कणभौतिकीवरच्या मजकुरात सिलिकॉन सेन्सरचे कौतुक भरपूर असते, त्याचा सिग्नल वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा उल्लेख क्वचित. चाचणीच्या टेबलावर मात्र सेन्सरच्या माथी मारलेले बरेच दोष रीडआउटचे, म्हणजे या इलेक्ट्रॉनिक्सचेच निघतात.

मोजायचे असते ते फारच थोडे. 300 मायक्रॉन जाडीच्या सेन्सरमधून वेगवान भारित कण आरपार गेला, की बहुतेकदा 22 ते 24 हजार इलेक्ट्रॉन मिळतात. म्हणजे पावणेचार फेम्टोकूलॉमच्या आसपास. स्ट्रिप सेन्सरसाठी (म्हणजे अरुंद पट्ट्यांत विभागलेल्या सेन्सरसाठी) अनेक प्रयोगशाळा अलिबावा ही रीडआउट प्रणाली वापरतात. लिव्हरपूल, बार्सिलोना आणि व्हॅलेन्सिया इथल्या गटांनी ती मिळून घडवली. तिच्यात प्रत्येकी 128 चॅनेलच्या (एका पट्टीला एक चॅनेल) दोन बीटल चिप असतात. ही चिप मुळात सर्नच्या एलएचसीबी प्रयोगासाठी बनलेली, 40 मेगाहर्ट्झवर चालणारी.

पहिले काम पेडेस्टलचे, म्हणजे सिग्नल नसतानाच्या पातळीचे. बायस (सेन्सरवरचे व्होल्टेज) चालू, किरणोत्सारी स्रोत दूर, आणि हजारभर रँडम ट्रिगर (वाचनाचे इशारे). प्रत्येक चॅनेलची सरासरी म्हणजे पेडेस्टल. मग प्रत्येक ट्रिगरला सगळे चॅनेल एकदम किती वरखाली झाले, तो कॉमन मोड वजा करायचा. उरलेला पसारा म्हणजे नॉइज. कॉमन मोड काढताना सिग्नल असलेले चॅनेल वगळावे लागतात, नाहीतर सिग्नलचाच तुकडा वजा होतो आणि सेन्सर उगीच बदनाम होतो.

नॉइजचा चॅनेलवार आलेख नीट वाचता आला, तर अर्धे निदान तिथेच होते. एखादा चॅनेल शेजाऱ्यांपेक्षा फार शांत असेल, तर आनंद मानू नये: वायरबाँड (पट्टी चिपला जोडणारी बारीक तार) तुटला असण्याची शक्यता मोठी, कारण स्ट्रिपची कपॅसिटन्सच जोडलेली नाही. दोन शेजारी मिळून जास्त बोलत असतील, तर स्ट्रिप शॉर्ट आहेत का ते पाहावे. चॅनेल पूर्ण मुका असेल, तर कपलिंग ऑक्साइडला (पट्टी आणि तिच्यावरचा धातू यांमधल्या विद्युतरोधक थराला) भोक पडून गळतीचा प्रवाह थेट अँप्लिफायरमध्ये शिरत असू शकतो. सगळेच एकत्र हलत असतील, तर सेन्सर सोडून ग्राउंडिंगकडे वळावे. बायसची परतवाट अँप्लिफायरच्या ग्राउंडला जवळच जोडलेली हवी. आणि पेटी अंधारी आहे ना, हेही पाहावे. सिलिकॉनला प्रकाशही दिसतो.

बायसच्या फिल्टरमधली चूक तर नेहमीची. मालिकेत 1 मेगोहमचा रेझिस्टर नव्या सेन्सरला चालतो. विकिरण झेललेला सेन्सर 100 मायक्रोअँपिअर गळत असेल, तर त्याच रेझिस्टरवर 100 व्होल्ट पडतात. पॉवर सप्लायवर 500 दिसतात, सेन्सरला मिळतात 400, आणि अहवालात लिहिले जाते ‘चार्ज कमी मिळाला’. 10 किलोहम लावला तर हाच तोटा 1 व्होल्टवर येतो.

गेनची, म्हणजे चिप सिग्नल किती पटींनी वाढवते त्याची, गोष्टही तशीच. चिपच्या आतल्या कपॅसिटरवर ठराविक व्होल्टेजची पायरी देऊन ज्ञात विद्युत भार (चार्ज) सोडतात, पण त्या कपॅसिटरच्या मूल्यात जेवढी चूक, तेवढीच चूक भाराच्या आकड्यात उतरते. म्हणून विकिरण न झालेला, ज्ञात जाडीचा, पूर्ण डिप्लीट केलेला (बायसने मोकळे भारवाहक काढून टाकलेला) सेन्सर त्याच चिपवर मोजून आकडा पडताळावा. तापमान बदलले की गेनही बदलतो. गळती आवरण्यासाठी मोजमाप उणे 25 अंशांवर आणि कॅलिब्रेशन खोलीच्या तापमानाला, असे केले तर ती तुलना फुकट.

स्ट्रॉन्शियम-90 हा इलेक्ट्रॉन सोडणारा स्रोत वापरताना ट्रिगरचा सिंटिलेटर (कण गेला की चमकणारा पदार्थ) सेन्सरच्या मागे ठेवावा. मंद इलेक्ट्रॉन वाटेतच अडकतात आणि जास्त भार सोडतात. ते मोजणीत नकोत. स्रोताचे कण घड्याळ पाहून येत नाहीत, त्यामुळे टीडीसीची (वेळ मोजणाऱ्या सर्किटची) वेळ वापरून पल्सच्या शिखराजवळचे 10 नॅनोसेकंदच घ्यावेत. आलेखातून सरासरी न घेता लँडाऊ वक्राचे (मिळालेल्या भाराच्या एका बाजूला लांबलेल्या वितरणाचे) शिखर घ्यावे. लांब शेपटी सरासरीला ओढते.

कणांऐवजी लेझरचा प्रकाश टाकला, तर त्याचा उपयोग दोन मापांची तुलना करण्यापुरताच. सेन्सरवरच्या धातूखाली किती प्रकाश शिरला हे ठाऊक नसते, त्यामुळे त्यावरून इलेक्ट्रॉनांचा आकडा छापणे चूक आहे. तो छापला जातो, म्हणून हे पत्र.

आपले,
डिटेक्टर चाचणीचे काम करणारे काही वाचक