गोलघुमटापलीकडचं विजापूर

महोदय,

सोलापूरहून विजापूर जेमतेम शंभर किलोमीटर. आपली मंडळी सकाळी जातात, गोलघुमटात आवाज घुमवतात, मुलूख मैदान तोफेपाशी फोटो काढतात आणि जेवायला घरी. पुरवण्यांमधले लेखही तेवढ्यावरच थांबतात, याचं वाईट वाटतं.

मी प्लंबर आहे, म्हणून त्या शहराचं पाणी बघत हिंडतो. पाऊस बेताचा, मोठी नदी जवळ नाही, तरी आदिलशाहीने तिथे राजधानी वसवली. जवळच्या तोरवी गावाकडून आणि बेगम तलावातून जमिनीखालच्या वाटेने पाणी शहरात आणलं. हा तलाव १६५१चा, मुहम्मद आदिलशहाच्या काळातला. वाटेत दगडी चौकोनी मनोरे उभे आहेत, त्यांना ‘गंज’ म्हणतात. पाणी त्यात वर चढायचं, दाब उतरायचा, गाळ खाली बसायचा आणि स्वच्छ पाणी पुढच्या नळात जायचं. आम्ही आज व्हॉल्व्ह बसवून दाब सांभाळतो. तिथे ते काम नुसत्या बांधकामाने केलंय. भाजलेल्या मातीच्या नळाचा तुकडा मी हातात धरून पाहिला. सांध्यातला चुना अजून घट्ट होता!

एका गंजाला मात्र जाहिरातीचा फ्लेक्स बांधलेला दिसला. फार चीड आली.

नळाची वाट पाहणाऱ्या सोलापूरकरांना हे वाचायला मिळायलाच हवं. ताजबावडी (तिथली जुनी मोठी विहीर), बेगम तलाव आणि उरलेले गंज नकाशासह दाखवणारा एक सविस्तर लेख रविवारी छापा, ही विनंती.

– एक प्लंबर, साखर पेठ, सोलापूर