खेळण्यालाही स्क्रू हवेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुरुस्तीच्या हक्काविषयी, म्हणजे घेतलेली वस्तू उघडून दुरुस्त करता यावी आणि तिचे सुटे भाग मिळावेत याविषयी, आपल्या अंकात आलेला लेख वाचला. मोबाइल, फ्रिज, ट्रॅक्टर सगळं त्यात आलं, खेळणी तेवढी राहिली. म्हणून हे पत्र.

मी उपनगरी गाड्यांच्या कारशेडमधून निवृत्त झालेला फिटर. उभी नोकरी गाडी ओढणाऱ्या डीसी मोटरच्या ब्रशची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या ठोकळ्यांची, काजळी अंगावर घेत गेली. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे शेजारी खेळण्यातल्या आगगाडीचं एक छोटं इंजिन घेऊन आले. इंग्लंडच्या ट्रायँग कंपनीची ‘जिंटी’ नावाची. काळी, सहा चाकांची, त्यांच्या काकांनी साठच्या दशकात तिकडून आणलेली. रुळांची रुंदी साडेसोळा मिलिमीटर. दिसायला वाफेचं इंजिन, पोटात मात्र १२ व्होल्टची विजेची मोटर! रुळावर ठेवून वीज दिली की कंट्रोलर लगेच बंद पडायचा. दुकानदाराने आत न बघताच सांगितलं होतं, "काका, नवीन घ्या."

स्क्रू सोडवला, बॉडी वर उचलली आणि मोटर समोर आली. चाकांना हात लावायची गरज नव्हती. चासीला (खालच्या सांगाड्याला) धरणारा स्क्रू काढला की मोटर वर्म गियरसकट, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या आट्यांच्या दांड्यासकट, सुटून येते. ह्या मोटरला एक्स-०४ म्हणतात. सगळं उघडं: तीन ध्रुवांचं आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरणारा भाग), त्यावर ब्रश टेकतात तो तांब्याच्या तीन पट्ट्यांचा कम्युटेटर, दोन बाजूंना दोन कार्बन ब्रश आणि त्या दोघांना आत दाबणारी एकच तारेची स्प्रिंग. त्या स्प्रिंगच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी असते. ती नसेल तर स्प्रिंगमधूनच वीज थेट चासीत उतरते, शॉर्ट होतं आणि कंट्रोलर बंद पडतो. इथे ती वाळून तडकून गळून गेली होती. सगळा रोग एवढाच.

शेजाऱ्यांची मुलगी डिप्लोमाला आहे, ती सोबत बसली होती. जुन्या वायरचं आवरण सोलून तिनेच नळी कापली आणि चिमट्याने पायावर चढवली. कम्युटेटरच्या फटींत तेल आणि कार्बनचा चिकटा बसला होता, तो टूथपिकने काढला. तिथे सुई किंवा ब्लेड घालू नये, तांब्याला ओरखडा पडला की ब्रश लवकर झिजतो. आर्मेचर बाहेर काढावं लागलं नाही ते बरंच झालं. जुन्या मोटरमध्ये ते काढलं की चुंबकाची ताकद उतरते. काढायचंच असेल तर त्या जागी लोखंडाचा तुकडा सरकवत काढावं. शेवटी बेअरिंगजवळच्या तेल धरून ठेवणाऱ्या नमद्याला (फेल्टला) दोन्हीकडे तेलाचा थेंब. जास्त तेल म्हणजे पुन्हा चिकटा.

इंजिन धावलं. हे सगळं मला ओळखीचं होतं, कारण १९२५ साली व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली तेव्हापासून मुंबईची लोकल अशाच ब्रश-कम्युटेटरवर चालली, १५०० व्होल्टवर. आता आलेल्या थ्री-फेज मोटरला ब्रश नाहीत. ते चांगलंच झालं, आमच्या फुप्फुसांना विचारा.

हीच मुलगी मग भावाची बॅटरीवरची आगगाडी घेऊन आली, बाजारातून नवी घेतलेली. सेलच्या झाकणाला स्क्रू आहे. तो हवाच, लहान मुलाने सेल तोंडात घालू नये. पण बाकीची बॉडी चिकटवलेली. कडेने पातं घातलं तसं प्लास्टिक तडकलं. आतली मोटर पत्र्याच्या डबीत बंद, डबीचे कान वाकवून पक्के केलेले. ब्रश झिजला की डबीच फेकायची. मोटर तरी सुटी मिळेल म्हणून विचारलं, तर नाही. ट्रायँग कंपनी मात्र प्रत्येक इंजिनाची सर्व्हिस शीट काढत असे. त्यात भाग सुटे करून दाखवलेलं चित्र, प्रत्येक भागाला नंबर. आजही इंग्लंडमधले छोटे विक्रेते एक्स-०४ चे ब्रश आणि स्प्रिंग विकतात.

मुलांच्या हाती बारीक भाग लागू नयेत म्हणून बॉडी चिकटवतात, असं कुणी म्हणेल. मग सेलच्या झाकणाचा स्क्रू कसा चालतो?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं. विजेवर चालणारी खेळणी पाचवी घ्यावीत. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहेच. त्याच नियमांत मोटर असलेल्या खेळण्याची बॉडी स्क्रूने जोडलेली असावी, मोटर सुटी मिळावी आणि खोक्यात सुट्या भागांचं चित्र असावं, एवढी भर घालायला काय हरकत आहे? आपल्या वार्ताहराने हे उत्पादकांना विचारून छापावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रेल्वे फिटर, डोंबिवली (पूर्व)