फोर्लीला जाऊन आलेल्या मुलास

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. नाव लिहू नका म्हणालास, म्हणून लिहीत नाही. पण आभार चार लोकांदेखत मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

परीक्षा तोंडावर असताना तू इटलीत बोलोन्याहून रेल्वेनं फोर्लीला गेलास, तेही भर पावसात. तिथल्या दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांच्या स्मारकावर ७०० हून अधिक नावं. या सगळ्यांचं दहन झालेलं, त्यामुळे थडगं नाही, नुसतं नाव. आमचं आडनाव इंग्रजीत असं काही लिहिलंय की दोन वर्षं शोधूनही आम्हाला यादीत सापडलं नव्हतं. तू वडिलांच्या नावावरून आणि गावावरून माग काढलास. (गावाचं स्पेलिंगही चुकलेलंच!)

थोरले आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत होते. एप्रिल १९४५ मध्ये ही पलटण सेनिओ नदीवर लढत होती. ९ एप्रिलला तिथंच नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आमच्या घरी थोरले आजोबा गेल्याची तार आली. इटलीतली लढाई महिन्याभरात थांबलीसुद्धा.

त्याच काळात इकडे सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालू होतं. धाकटा भाऊ, म्हणजे माझे आजोबा, रात्री भूमिगतांना भाकरी पोचवायचे आणि थोरला तिकडे इंग्रजांच्या वर्दीत. स्वातंत्र्यानंतर धाकट्याचा फोटो भिंतीवर लागला, थोरल्याचा ट्रंकेतच राहिला. कुणी ठरवून केलं असं नाही. पण 'कशाला गेला होता?' याचं धड उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. माझ्या मते पगारासाठी. त्यात लपवण्यासारखं काय होतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

थोरल्या आजोबांची मुलगी, म्हणजे आमची आत्या, तेव्हा दोन वर्षांची होती. तुझा फोटो तिला दाखवला. दगड ओला, आणि नावावरून तू रुमाल फिरवलास त्याचा पट्टा तेवढा कोरडा दिसतो. तिला इंग्रजी येत नाही. "हे कुठलं अक्षर?" असं विचारत एकेकावर बोट ठेवत गेली. बोट लागून फोटो एकदम मोठा झाला, तशी दचकली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढ्या पावसात गेला, पोरानं छत्री तरी नेली होती का रे?"

तिला काय सांगू, ते कळव.

तुझा,
काका