विटेच्या भिंतीत सिमेंट भरू नका

महोदय,

जुन्या विटांच्या इमारतीची दुरुस्ती निघाली की ‘विटांमधल्या दरजा सिमेंटने भरून घ्या, भिंत पक्की होईल’ हा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला भिंतीच्या मुळावर येतो.

इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टातले लिंडहर्स्ट गावचे सेंट मायकेल चर्च घ्या. वास्तुकार विल्यम व्हाइट, काम सुरू झाले 1858 मध्ये. विटेवरचा कर 1850 मध्ये उठला होता आणि दगडाऐवजी वीट वापरण्यात कमीपणा उरला नव्हता. या चर्चमध्ये आतल्या भिंतींनाही गिलावा नाही. लाल विटेत पिवळ्या-पांढऱ्या विटांचे पट्टे आहेत आणि हा रंग वरून दिलेला नाही, तो भाजलेल्या मातीचाच आहे. वेदीमागे चित्रकार फ्रेडरिक लेटनचे 1864 चे मोठे भित्तिचित्र आहे. तरी आमच्या मते त्या चर्चचे खरे वैभव विटांचे थर हेच. म्हणूनच विटेचे तोंड, म्हणजे बाहेर दिसणारी बाजू, एकदा उडाले की नक्षीच गेली, रंगाचा हात देऊन ती परत येत नाही.

तोंड उडते कसे? अशा भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. पावसाचे पाणी मुरते आणि मऊ चुन्याच्या दरजेतून वाळून बाहेर पडते. झिजायची ती दरज, वीट नव्हे. तिथे सिमेंट ठासले की ओल विटेतूनच बाहेर पडू लागते. क्षार वरच्या पापुद्र्यामागे साठून लोणा धरतो, थंड देशात त्यात बर्फाची भर पडते आणि पापुद्रा खपलीसारखा निघतो. दरज शाबूत राहून वीट आत खचलेली दिसली, तर दरजेत सिमेंट आहे असे समजावे.

दुरुस्ती करताना आधी पन्हळी आणि छताची गळती थांबवा. सुटलेल्या दरजा छिन्नीने, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान 20–25 मिमी खोल खरवडा. ग्राइंडर विटेच्या कडा खातो, तो वापरू नका. भिंत भिजवा. 1 भाग नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणाऱ्या) चुन्याला अडीच ते तीन भाग धुतलेली रेती घ्या. दरज विटेच्या तोंडाबाहेर येऊ देऊ नका. ओले गोणपाट काही दिवस लावून ठेवा. हवा 5 अंशांखाली गेली तर काम थांबवा.

पुण्याचे लाल देऊळ, म्हणजे 1867 चे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, याच काळातले आणि विटांचेच. आपल्याकडे बर्फ नाही, पण चार महिन्यांचा पाऊस आणि लोणा तेवढेच नुकसान करतात. अशा वास्तूंच्या दुरुस्तीच्या निविदेत ‘सिमेंट पॉइंटिंग’ (दरजा सिमेंटने भरणे) ही बाब दिसली तर ती आधी खोडून घ्यावी.

– जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत काम करणारे काही वाचक, पुणे