डब्याच्या झाकणावर लिहिलेल्या आकड्याबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. इंटरनेटच्या एका जोडणीला भर पावसात तीन तास का घातले, म्हणून वर कुणी विचारायला नको. माळशेजच्या रस्त्यावरून टोकावड्याच्या अलीकडे आत वळून श्रावणात पाड्यावर आलेले ते तुम्ही, एवढी खूण पुरे.

आधीच्या मंडळींची गोष्ट काढल्याशिवाय तुमचे आभार नीट मानता येणार नाहीत. ऊन असलं की नेट चालायचं, सर आली की लाल दिवा. माणसं तीनदा आली आणि दोनदा राऊटर बदलून गेली. फोन केला की ठरलेलं उत्तर, ‘सर्व्हर डाऊन आहे, दोन तासांत येईल.’ सर्व्हरला आमच्याच पाड्यावरचा पाऊस बरा कळतो! बिल मात्र एकदाही डाऊन झालं नाही.

तुम्ही राऊटरला हात लावला नाही. आधी केबलमधून येणारा प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावला, वजा २९ आला (आकडा डेसिबलचा; वजा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). बहुतेक घरगुती राऊटर वजा २७ च्या आसपासच हात टेकतात. मग शिडी घेऊन थेट खांबावर. तिथे सगळी कर्मकहाणी दुधाच्या पिशवीत बांधलेली होती. फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची तार, वितळवून जोडायचं सोडून दोन फास्ट कनेक्टर समोरासमोर खुपसलेले, वर काळी टेप. अशा जोडात काचेची दोन टोकं नुसती टेकलेली असतात, मधे थोडी जेल. पाणी आणि माती शिरली की प्रकाश तिथेच सांडतो. त्यात एक टोक निळं, दुसरं हिरवं. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, म्हणून लावणाऱ्याला वाटतं जमलं. पण आत हवेची फट राहते. उरलेली केबल मुठीएवढी वळवून झिप टायने आवळलेली. साध्या फायबरला ३ सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण दिलं की उजेड वळणावरूनच बाहेर गळायला लागतो.

तुमचं काम पाहणाऱ्यानं शिकावं असं होतं. जोडावर बसणारी संरक्षक नळी, स्लीव्ह, आधी ओवून घेतली (ती राहिली तर झालेला जोड पुन्हा तोडावा लागतो), मग सोललं, स्पिरिटने पुसलं, क्लीव्हरने, म्हणजे काच सरळ कापायच्या हत्याराने, कापलं आणि कापल्यावर टोकाला बोट लागू दिलं नाही. फायबर वितळवून जोडणाऱ्या मशीनवर छत्री धरायला पोरं उभी केलीत. पहिल्या जोडाचा तोटा मशीननं जेमतेम ०.०२ दाखवला तरी तुम्ही तो मोडलात, कारण पडद्यावर टोक तुम्हाला तिरकं दिसलं. खांबावर जॉइंट बॉक्स बसवलात, तोंडं खाली करून, आणि आत ऐसपैस गुंडाळी ठेवलीत. घरात केबल घेताना भिंतीबाहेर खाली एक झोळ सोडलात, म्हणजे पाणी केबलवरून ओघळत आत न येता झोळाच्या तळाशी ठिबकतं. फायबरचे तुकडे तर टेपला चिकटवून खिशात घालून नेलेत. केसाएवढी काच, रांगत्या पोराच्या तळहातात गेली तर दिसतही नाही. किती जण एवढं करतात?

पण हे पत्र या कशासाठीच नाही. निघताना तुम्ही मार्कर काढला आणि घरातल्या केबलच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख टाकून लिहिलंत: ‘वजा १९.२’. वर अंगणवाडीच्या ताईंना सांगितलंत, ‘हा तुमचा आकडा. पुढच्या वेळी जो येईल त्याला आधी मीटर लावायला सांगा. वजा २२ च्या खाली गेला तर केबलमध्ये काहीतरी झालंय. आकडा हाच असेल आणि नेट नसेल, तर दोष आमच्याकडे.’

आमच्याकडे! कंपनीचं जॅकेट घातलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द या रस्त्याला तरी नवा होता.

आकडा हिशेबालाही बसतो. कंपनीच्या टोकाकडून साधारण अधिक ४ ने प्रकाश निघतो. १२ किलोमीटरच्या वाटेत ३ जातात, प्रकाश चार आणि आठ वाटांत विभागणाऱ्या दोन स्प्लिटरमध्ये मिळून साडेसतरा, जोड आणि कनेक्टर यांत दोनएक. म्हणजे वजा १९ च्या आसपास यायलाच हवा. वजा २९ म्हणजे त्याचा दहावा हिस्सा उजेड. हे गणित ज्यांना येत होतं त्यांनी ते आपल्याजवळच ठेवलं. तुम्ही ते गिऱ्हाइकाच्या घरात लिहून ठेवलंत आणि स्वतःच्याच कामावर पहारा बसवलात.

फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची सरकारी योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट म्हणू लागले. पंचायतीपासून पुढच्या दोन किलोमीटरचं भविष्य मात्र शिडीवर चढलेल्या माणसाची नियत ठरवते. नियत म्हणजे तरी काय, कुणी बघत नसताना तिरका जोड मोडणं.

आता ताजी खबर. गणपतीनंतरच्या पावसात राऊटरच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे आत येणारा प्रकाश, पाहिली, वजा १९.४. पावसाचं बोट लागलेलं नाही. वानरांनी एकदा केबल ओढली, पण क्लॅम्पने धरली. खालच्या आळीत दोन नव्या जोडण्या झाल्या. तिथे आलेल्या पोराला मीटर लावायला लावून आम्हीच झाकणात आकडे लिहून घेतले. एकात वजा २५ आला तेव्हा त्याला पुन्हा खांबावर चढवलं, कुरकुरला, पण उतरला तेव्हा वजा २० होता.

लिहायला मार्कर तुमचाच वापरला. खिडकीत राहिला होता. इकडे याल तेव्हा घेऊन जा, टोपण मात्र पोरांनी हरवलंय.