डोळ्यातील ते दोन थेंब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काचबिंदूवरील लेखांत डोळ्यातील दाबाचा उल्लेख हमखास असतो, पण हा दाब मुळात का वाढतो याविषयी क्वचितच लिहिले जाते. मी स्वतः या आजाराचा रुग्ण असून माझ्या एका डोळ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात जेमतेम पाव मिलिलीटर पाणी असते. हे अश्रू नव्हेत. ते आतच सतत तयार होते, पारदर्शक पटल व बुबुळ यांमधल्या कोनातील बारीक जाळीतून झिरपून रक्तात मिसळते आणि दोनेक तासांत सगळे नव्याने भरते. ज्यात हा कोन उघडाच राहतो त्या खुल्या कोनाच्या काचबिंदूच्या अनेक रुग्णांत या पाण्यात टीजीएफ-बीटा-२ हे वाढघटक (पेशींच्या वाढीवर ताबा ठेवणारे) प्रथिन अधिक प्रमाणात असते, असे १९९० च्या दशकापासून निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी नोंदवले आहे. शरीरात इतरत्र जखम भरून आणणे, व्रण धरवणे हे या प्रथिनाचे उपयोगी काम. पण तेच काम निचऱ्याच्या जाळीत होऊ लागले की तिथे तंतुमय द्रव्य साचते, जाळी ताठर होते आणि पाण्याची वाट अडते. मधुमेहाने पडदा खराब झालेल्यांना होणाऱ्या एका वेगळ्या काचबिंदूत व्हीईजीएफ हा दुसरा वाढघटक वाढतो व त्यामुळे उगवलेल्या नाजूक रक्तवाहिन्या तीच वाट बुजवतात. तिथे त्याला रोखणारे इंजेक्शन उपयोगी पडते. टीजीएफ-बीटा-२ बाबत असे यश अद्याप आलेले नाही. शस्त्रक्रियेनंतरचा व्रण टाळण्यासाठी त्याच्याविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड (त्याला निष्प्रभ करणारे औषधी प्रथिन) मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरले, आणि निरोगी व आजारी डोळ्यांतील टीजीएफ-बीटा-२ च्या पातळ्या एकमेकींत इतक्या मिसळतात की एका रुग्णाचे निदान त्यावरून करता येत नाही. तेव्हा अशा तपासणीचा आग्रह डॉक्टरांकडे कोणी धरू नये, आणि दाब उतरवणारे थेंब तर मुळीच बंद करू नयेत.

माझी विनंती निराळी आहे. हे पाणी निरोगी माणसाच्या डोळ्यातून केवळ अभ्यासासाठी काढणे योग्य नसल्याने तुलनेचे नमुने बहुधा मोतीबिंदूच्या रुग्णांकडून घेतात. शस्त्रक्रियेच्या आरंभी छेद घेताच ते पाणी तसेही बाहेर येते, आणि एरवी वायाच जाते. जे. जे., केईएम, नायर, सायन अशा रुग्णालयांत नेत्रशस्त्रक्रिया नित्य होतात. तेथे नैतिकता समितीच्या मंजुरीने आणि रुग्णाच्या लेखी संमतीने हे दोन थेंब संशोधनासाठी जपून ठेवण्याची कायमची व्यवस्था असावी. आपल्याकडे मधुमेह फार आणि बंद कोनाचा (तो कोनच मिटून वाट अडणारा) काचबिंदूही पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक. परदेशातील आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडतील असे गृहीत धरू नये.

संमतिपत्र मात्र मराठीतून असावे आणि ते शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, नातेवाइकांसमोर समजावून सांगावे. माझ्या वेळी इंग्रजी कागद शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी पुढे आला. डोळ्यात थेंब घातलेले असल्याने मला तो वाचताही आला नाही, आणि मी सही केली. मरणोत्तर नेत्रदानाचा अर्ज आपल्याकडे अनेकजण आनंदाने भरतात. नीट विचारले, तर जिवंतपणी हे दोन थेंब द्यायलाही ते नाही म्हणणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.

आपला,
एक वाचक, गोरेगाव (पूर्व), मुंबई